सांगलीच्या मातीचा गारा

गुलामीची चव कशी असते, हे तुम्ही कधी जिभेवर घेऊन पाहिलंय का?

मी दर वर्षी घेते. ती गोड असते.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे पिढ्यान्पिढ्या कोकणात राहिलेले, मराठीत बोलणारे, मराठीतच भांडणारे यहुदी. चैत्राच्या सुमाराला आमचा पेसाखचा सण येतो. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, आमचे पूर्वज राजासाठी विटा पाडत होते आणि एक दिवस तिथून सुटले, त्याची ही आठवण. त्या रात्रीच्या जेवणाला सेदर म्हणतात. सेदरच्या ताटात विटांचा गारा म्हणून एक लगदा ठेवतात, फळांचा आणि दाण्यांचा. त्याचं नाव हारोसेथ. ज्या चिखलात आमची माणसं राबली, तो चिखल आम्ही गोड करून चाटून-पुसून खातो. राजाचा याहून मोठा अपमान कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

माझं हे बोलणं पत्रकासारखं वाटलं तर वाटू दे. मी पत्रकांवरच वाढले. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आधी साताऱ्यात, मग सांगलीत. छपाईत वाया गेलेले कागद ते घरी आणायचे. गिरणी कामगारांच्या सभा, हुंड्याचा निषेध, पाण्याचे मोर्चे, मधूनच एखादी सर्कस, या सगळ्या कागदांवर मी अक्षरं गिरवली. शाळेत बाकीच्या मुली ‘कमळ बघ’ वाचत होत्या तेव्हा मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं.

आई सरकारी दवाखान्यात नर्स. तिची बदली झाली म्हणून आम्ही सातारा सोडून सांगलीला आलो, आणि सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा ती बायकांच्या वॉर्डची मुख्य सिस्टर झाली. मी कॉलेजात होते. सांगलीत आमच्या समाजाचं आमच्याशिवाय एकही घर नव्हतं. म्हणून दर वर्षी सणाला आम्ही मुंबईला जायचो, वडिलांच्या थोरल्या भावाकडे, माझ्या काकांकडे. हिब्रू त्यांनाच येत होतं, सेदर तेच चालवायचे, आणि वडिलांना अजून ‘अरे पोरा’ म्हणून हाक मारायचे.

काकांचं एकच म्हणणं असायचं. देशावर राहून आपला धर्म टिकत नाही. त्यांनी वडिलांसाठी मुंबईच्या एका छापखान्यात जागा बघून ठेवली होती. शेजारची एक खोली रिकामी होणार होती. आईच्या नोकरीचं काय, असं वडिलांनी विचारलं की ते म्हणायचे, “मुंबईत दवाखाने नाहीत का?” मुख्य सिस्टर व्हायला आईला किती वर्षं लागली आणि मुंबईत तिला पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागेल, याचा हिशेब त्यांच्या लेखी नव्हताच.

एका वर्षी सेदर संपल्यावर हा विषय निघाला तेव्हा आई हात धुता धुता म्हणाली, “भाऊजी, पुढचा सण तुम्ही आमच्याकडे करा. सांगलीला.”

काका हसले. “देशावर? तिथं काय मिळणार तुम्हाला?”

“सगळं मिळेल.”

“ठीक. करून दाखव. सण पुरा झाला, कशातच उणं नाही असं मी स्वतः म्हटलं, तर मुंबईचा विषय मी पुन्हा काढणार नाही. पण उणं निघालं तर बाडबिस्तरा बांधायचा.”

वडिलांनी मान डोलावली. वडील सभेची पत्रकं जुळवायचे, पण थोरल्या भावासमोर त्यांचा आवाज फुटत नसे. मी तोंड उघडणार तोच आईने पायाने माझा पाय दाबला.

म्हणजे आईची नोकरी, माझं कॉलेज आणि सांगलीचं आमचं घर, सगळं त्या एका जेवणावर येऊन ठेपलं.

वर्षभर आईने त्या जेवणाची तयारी केली, असं म्हटलं तरी चालेल. पेसाखला आमच्यात जुन्या बायका ‘अणाशी ढाकायचा सण’ म्हणतात. आंबटाचं भांडं झाकून ठेवायचं, असा त्याचा अर्थ. त्या दिवसांत घरात खमीर चालत नाही. गव्हाचं पीठ भिजलं, थोडा वेळ राहिलं की ते खमीर. भाकरी करायची ती पीठ भिजवल्या भिजवल्या, फुगायला सवड न देता. आईने घराला चुना दिला, फळ्या सोड्याने धुतल्या, पिठाचा डबा शेजारी देऊन टाकला, भांडी उकळत्या पाण्यातून काढली. वॉर्डातल्या पोरींना ती जशी कोपरे दाखवायची तशी मलाही दाखवत होती. “इथं बोट फिरव. काय लागलं? मग पुन्हा पूस.”

आणि तिने पाटा काढला. तो साताऱ्यात घेतलेला, काळ्या दगडाचा. घेतल्या दिवसापासून तो फक्त सणाचा. पण आमचा सण मुंबईला व्हायचा, त्यामुळे तो पाटा पोत्यात गुंडाळलेला, उपडा, माळ्यावर पडून. साताऱ्याहून सांगलीला बदली झाली तेव्हा वडील म्हणाले होते, “हा धोंडा कशाला न्यायचा? सांगलीत दगड नाहीत का?” आई म्हणाली, “तुमच्या आयुष्यात हा कधीतरी लागेल.” ट्रकमध्ये तो तिने गादीच्या मधोमध ठेवला होता.

तर पाटा निघाला, टाकी लावून घेतली, गरम पाण्याने धुतला. आता त्यावर हारोसेथ वाटायचं.

तेवढ्यात काकांचं कार्ड आलं. सगळं तुम्ही करा, पण हारोसेथ मी घेऊन येतो. ते तिथं जमणारं काम नाही. खजूर चांगला लागतो आणि तो मुंबईतच मिळतो.

आईने कार्ड वाचलं आणि पाट्यावर पुन्हा पोतं टाकलं.

“तू करच,” मी म्हणाले. “हा सरळ सरळ अपमान आहे.”

“ते थोरले आहेत. आणतो म्हणाले तर आणू दे. आणि हे बघ, ते इथं असेपर्यंत तुझं तोंड बंद.”

“पूर्ण बंद?”

“प्रश्न विचारायची वेळ येईल तेव्हा उघड. बाकी बंद.”

सेदरला घरातल्या सर्वांत धाकट्याने ठरलेले प्रश्न विचारायचे असतात. आजची रात्र वेगळी का, वगैरे. घरात मी एकटीच मूल, त्यामुळे एकोणिसाव्या वर्षीही धाकटी मीच. तेवढीच सवलत.

सणाच्या दिवशी सकाळी आम्ही उरलंसुरलं खमीर अंगणात जाळलं. दुपारी काका आले. बंद गळ्याचा कोट, हातात वळकटी आणि छातीशी धरलेला पत्र्याचा डबा. रात्रभर गाडीत तो त्यांनी मांडीवर घेतला होता. उन्हाने डोकं तापलेलं, तरी आल्या आल्या त्यांनी उंबऱ्यावरच विचारलं, “खमीर सगळं काढलंत ना?”

“काढलं, भाऊजी.”

“माळा? खिडक्या?”

“बोट फिरवून बघा.”

त्यांनी खरंच फिरवलं. खिडकीवर, फळीवर, चुलीच्या मागे. मी दाताखाली जीभ धरून उभी होते. काहीच लागेना तसे ते थोडे नाराज झाले असं मला वाटलं. मग त्यांनी डबा आईच्या हातात दिला. “हे घे. तुझ्या जावेने केलंय. थेंब सांडलेला नाही.”

आईने डबा घेतला, आणि दोन पावलांवर थांबली. तिने डबा नाकाजवळ नेला. मग हात लांब करून तो अंगापासून दूर धरला आणि तशीच दारातून बाहेर अंगणात गेली.

“अगं, कुठं चाललीस? ते हारोसेथ आहे!”

“भाऊजी, झाकण बघा.”

झाकणाभोवती कणकेचा लेप होता. पाक सांडू नये म्हणून काकूने नेहमीच्या हाताने कणीक भिजवून झाकण लिंपलं होतं, बिर्याणीच्या पातेल्याला लिंपतात तसं. आदल्या दिवशी मुंबईत त्यात काहीच वावगं नव्हतं. पण रात्रभरची गाडी, एप्रिलचं ऊन. कणीक फुगून डब्यावरून ओघळली होती, भेगाळली होती, आणि असा आंबूस वास सुटला होता की अंगणातली कोंबडी मान वर करून बघत होती. ज्या सणाला भांडं झाकायचं, त्या सणाचंच भांडं आमच्या माणसांनी खमिराने झाकलं होतं. खिडकीवर बोट फिरवणारा माणूस रात्रभर खमीर मांडीवर घेऊन आला होता.

मी हसले नाही. त्या दिवसातलं माझं सगळ्यात मोठं काम तेच.

काकांचा चेहरा उतरला. काहीही म्हणा, माणूस खोटा नव्हता. “आत काय आहे ते चालेल का” असंही त्यांनी विचारलं नाही. कोट काढला, माझ्याकडून खुरपं मागून घेतलं, आणि शेवग्याच्या बुंध्याशी खड्डा खणायला बसले.

नेमक्या त्याच वेळी फाटकातून मावशी आली. ही तासगावकडची शेतकरीण. थोरला मुलगा फौजेत, धाकटा द्राक्षबागेत. पोटाच्या ऑपरेशनला ती आईच्या वॉर्डात होती, आणि तेव्हापासून दवाखान्यात तपासायला आली की आमच्या घरी टेकल्याशिवाय जात नसे. डोक्यावर गाठोडं होतं. ती काकांकडे बघतच राहिली.

“शिष्टरबाई, ह्ये पावणं काय पुरालेत?”

“अन्न आहे, मावशी. आम्हाला चालत नाही ते.”

“आगं बया! अन्नाला मूठमाती? आवं दादा, द्या की हिकडं, आमची म्हस खाईल.”

“म्हशीलाही देता येत नाही,” काका वर न बघता म्हणाले.

“म्हशीनं काय पाप केलंया?”

वडील पटकन आत गेले. त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

डबा पुरला. काकांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि ओसरीवर बसले. मग ते म्हणाले, “चूक आमच्याकडून झाली. पण हारोसेथशिवाय सेदर पुरा होत नाही, हेही खरं. मी काय करू?”

म्हणजे चूक त्यांची आणि मुंबईला जायचं आम्ही! माझ्या तोंडापर्यंत अख्खं पत्रक आलं होतं, मथळ्यासकट. आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सायकल काढ. पेठेत खजूर बघून ये.”

मी पेठ पालथी घातली. एकेका दुकानदाराचं उत्तर ठरलेलं. “खजूर? शिवरात्रीला संपला की. आता आषाढीच्या टायमाला या.” एकाने तर विचारलं, “आज कसला उपास?” मी म्हणाले, “उपास नाही, स्वातंत्र्य आहे.” त्याने मला काजू दाखवले.

रिकाम्या हाताने परत आले तेव्हा ओसरीवर वेगळंच चाललं होतं. मावशीचं गाठोडं सुटलं होतं. बागेत तोडणीनंतर मागे राहिलेली द्राक्षं तिने वाळवली होती. त्या मनुकांचा सोनेरी ढीग सुपात पडला होता आणि काका सुपाशेजारी उकिडवे बसून तिची उलटतपासणी घेत होते.

“हे कशावर वाळवलं?”

“लुगड्यावर. धुतल्याल्या.”

“लुगडं कुठं पसरलं होतं? खळ्यात? गहू मळतात तिथं?”

“खळ्यात कशाला जातीया? छपरावर.”

“छपरावर गहू वाळत नव्हता ना?”

“आवं दादा, आमच्या रानात द्राक्षं लावलीयात. गव्हाला जागा हाय कुठं? गहू आमी इकत आणतो. तुमी पोलिसात हाय का काय?”

काकांनी एक मनुका उचलली, उजेडात धरली, पुन्हा ठेवली. “मनुका चांगल्या आहेत,” ते म्हणाले. “पण खजूर नाही. माझ्या बापाने, त्याच्या बापाने, सगळ्यांनी खजुराचंच केलं.”

आईने पाट्यावरचं पोतं काढलं.

ते तिने कसं केलं, ते सांगते. मनुका तीन पाण्यांतून धुतल्या. निम्म्या गरम पाण्यात भिजत घातल्या. शेंगदाणे मंद आचेवर भाजले, सालं पाखडली, आणि पाट्यावर ओबडधोबड भरडले. अगदी पीठ करायचं नाही, गाऱ्यात खडे लागले पाहिजेत. मग भिजलेल्या मनुका वाटायला घेतल्या. वरवंटा ओढताना तिच्या बांगड्या मागे सरकवलेल्या होत्या, पदर खोचलेला होता, आणि साताऱ्याहून गादीत गुंडाळून आणलेला तो दगड पहिल्यांदा वाटणाने ओला झाला होता. भिजवलेलं पाणी तिने पातेल्यात आटवलं, बोटाला तार येईपर्यंत. त्यात वाटण, दाणे, उरलेल्या अख्ख्या मनुका, सुंठ.

“लिंबू पिळा वाईच,” मावशी म्हणाली. “लय ग्वाड हुईल.”

“आज आंबट नाही, मावशी.”

“बरं बाई. तुमचा द्येव, तुमची चव.”

आईने कालथा उभा धरून पाहिला. तो पडला नाही. “वीट धरेल,” ती म्हणाली. वर तिने दालचिनीच्या काड्या तोडून टाकल्या. चिखलात मिसळायला गवताच्या काड्या लागायच्या, त्यांची ती खूण. सूर्य अजून नारळाच्या झाडावर होता.

काका दारात उभे राहून सगळं बघत होते. पाट्याकडे बोट करून म्हणाले, “हा सणाचा वेगळा?”

“साताऱ्यापासून वेगळा,” वडील म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य. “एरवी उपडा असतो, दादा. त्यावर मिरचीसुद्धा वाटलेली नाही.”

ताट मांडताना काकांनी हारोसेथची वाटी स्वतः उचलून ठेवली, आणि ठेवल्यावर म्हणाले, “ठेवतो. पुरं म्हणत नाही.”

मावशीची शेवटची एसटी केव्हाच गेली होती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी अंग चोरून बसली. काकांनी सेदर सुरू केला. आधी हिब्रूत, मग मराठीत. सुरुवातीलाच ती जागा येते जिथे भुकेल्या माणसाला आत बोलावतात, या आणि आमच्याबरोबर जेवा म्हणतात. काकांनी ते खणखणीत आवाजात वाचलं आणि पान उलटलं.

“दादा,” वडील म्हणाले, “आत्ता वाचलंत ते आम्ही ऐकलं.”

काकांनी वर पाहिलं. वडील दाराकडे बघत होते. वडिलांच्या तोंडून मोर्चाची भाषा मी कधी ऐकली नव्हती, आणि तीही इतक्या हळू आवाजात.

काकांनी स्वतः सरकून जागा केली. “या बाई. बसा इथं.”

“मी कशाला? तुमची पूजा चाललीया.”

“पूजेतच लिहिलंय,” काका म्हणाले.

मग माझी पाळी आली. मी ठरलेले प्रश्न विचारले, काकांनी ठरलेली उत्तरं दिली. आणि मी थांबले नाही.

“काका, आणखी एक प्रश्न आहे.”

आईने डोळे मिटले.

“विचार,” काका म्हणाले. “आज तुला अधिकार आहे.”

“मिसरात आपली माणसं विटा पाडत होती, तेव्हा तो गारा कुठल्या मातीचा होता?”

मावशीसुद्धा भाकरीचा तुकडा हातात धरून राहिली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्न कळला होता, त्याच्या मागचंही कळलं होतं. ते हसून टाळू शकले असते, उलट मलाच दटावू शकले असते. पण सेदर चालवणाऱ्याने प्रश्नाला उत्तर द्यायचंच असतं, आणि ती परंपरा काकांनी आयुष्यभर आमच्यापेक्षा जास्त जपली होती.

त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर गुलामीच्या कडूपणाची खूण म्हणून ताटात असतो तो कडू पाला ठेवला, त्यावर हारोसेथ घेतलं आणि खाल्लं. हळूहळू चावलं. दाण्याचा कण दाताखाली आल्याचा आवाज मला ऐकू आला. मग त्यांनी दुसरा घास घेतला, पाल्याशिवाय. तो काही विधीतला नव्हता.

“जिथं उभे होते तिथल्या मातीचा,” ते म्हणाले. “माती कुणी घरून नेत नाही.”

आणि आईकडे वळून, पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, “पुरं झालं गं. कशातच उणं नाही.”

आईने पदराने शेजारचा पाटा पुसला. तो आधीच कोरडा होता.

“म्हंजी पास झालासा व्हय, शिष्टरबाई?” मावशीने विचारलं.

“झाले,” आई म्हणाली, आणि मग आम्ही सगळे हसत सुटलो, काकाही, इतके की पुढची प्रार्थना त्यांना दोनदा सुरू करावी लागली. सेदरच्या शेवटी पुढच्या वर्षी यरुशलेमात भेटू असं म्हणायचं असतं. काकांनी ते म्हटलं, पोथी मिटली, आणि वडिलांना म्हणाले, “वाटेत सांगली लागते ना रे पोरा?”

मुंबईचा विषय पुन्हा निघाला नाही. आई निवृत्त होईपर्यंत त्याच वॉर्डात राहिली आणि नव्या पोरींना कोपऱ्यांतून बोट फिरवायला लावत राहिली. पुढच्या सणाला काका आले तेव्हाही त्यांच्या छातीशी पत्र्याचा डबा होता, पण रिकामा. काकूने सांगलीचा गारा मागवला होता. आईने भरून दिला, आणि झाकणाला दोरी बांधली.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते तुम्ही वाचून सोडून देऊ नये. तुमच्या गावाबाहेर वीटभट्टी असेल. नदीकाठच्या प्रत्येक गावाबाहेर असते. तिथं आजही कुणीतरी दुसऱ्याच्या घरासाठी गारा तुडवतंय. या चैत्रात मूठभर मनुका भिजवा, दाणे भाजा, पाट्यावर वाटा, सुंठ घाला. खजूर नसेल तर अडून बसू नका. वाटी घेऊन त्या भट्टीवर जा, तिथल्या माणसांना शेजारी बसवा, आणि बरोबर खा. ते विचारतील, हे काय आहे. त्यांना सांगा.